जांभळाखालची रेंज

माझ्या आईने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तरी ती वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी असायचंच, मूठभर शेंगदाणे, नाहीतर परसातल्या चार मिरच्या. रिकामं भांडं परत करणं म्हणजे तिच्या लेखी समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. अशा बाईचा नंबर ‘मदत हवी आहे’ म्हणून मोबाइलवर फिरला, आणि फिरला म्हणजे नुसता पुण्यात नाही, पार कुठल्या कुठे गेला. ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

आमचं गाव कोळवणच्या खोऱ्यात. दोन हजार पाचच्या जुलैत पाऊस असा काही लागला, की एका दुपारी आमच्या घराची मागची भिंत गोठ्यासकट बसली. आम्ही पुढच्या ओसरीत होतो म्हणून वाचलो. सगळ्यात आधी धावत आली ती डोंगराच्या उतारावरच्या कातकरी वाडीतली माणसं. त्यांनी वासे ओढले, चिखलातून म्हैस बाहेर काढली. तिथली एक बाई दरवर्षी आमच्याकडे भातलावणीला यायची, तिला मी मावशी म्हणायची. ती संध्याकाळी टोपलीभर खेकडे घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘रांदा. पोटात ऊनऊन जाऊ द्या काईतरी.’’ आईने टोपली रिकामी केली आणि पुढच्या खोलीतली कणगी वाचली होती, तिच्यातले तांदूळ घालून परत दिली. त्याला मदत म्हणायचं असतं हे तेव्हा आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मदत आली ती नंतर, मोबाइलवरून.

माझ्या मामाने मारुंजीला खोल्या बांधून आयटीवाल्यांना भाड्याने दिल्या होत्या. त्यातला एक भाडेकरू मामाबरोबर आम्हाला बघायला आला. भूकंपाच्या पट्ट्यातला, लातूरकडचा पोरगा, सडपातळ, बोलायला अतिशय गोड. घर धोक्याचं म्हणून शाळेच्या वर्गात हलवलेला आमचा बाडबिस्तरा, कोपऱ्यात ओली गाठोडी, बाकावर वाळत घातलेलं माझं कॉलेजचं दप्तर, हे बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही काळजी करू नका. आमच्या ऑफिसात एक मेसेज टाकला ना, की बघा.’’

आई म्हणाली, ‘‘नगं बाबा. बरं हाय आमचं.’’

भिंत पडलेली, अंगावर मामीचं लुगडं, आणि म्हणे बरं हाय! अण्णा, म्हणजे माझे वडील, ओली गाठोडी उलगडत राहिले. बोलले मामा, की अगं घे, वेळ काय आहे आणि तू काय बोलतेस. तोपर्यंत पोराने मेसेज लिहूनसुद्धा टाकला होता. मुळशीत अमुक गावी एका कुटुंबाचं घर पावसात पडलं, धान्य, कपडे, भांडी हवीत, खाली आमचा नंबर आणि शेवटी ‘पुढे पाठवा’. तेव्हा एका मेसेजात मोजकीच अक्षरं बसायची. सगळं बसलं, तारीख तेवढी राहिली. त्याच्याही ध्यानात आलं नाही, आमच्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या घरात मोबाइल एकच, तांदळाच्या गिऱ्हाइकांसाठी अण्णांनी घेतलेला, आणि त्याला गावात रेंज एकाच जागी यायची, एसटी थांब्याजवळच्या जांभळाखाली. त्यामुळे दिवसाउजेडी फोन जांभळाच्या बुंध्याला खिळ्यावर पिशवीत टांगलेला. मी कॉलेजला पौडला जायची, अण्णा शेतात. फोन वाजला की आईने पळत जायचं आणि थांब्यावरच्या यच्चयावत माणसांसमोर बोलायचं.

‘‘हॅलो, घर पडलेल्या बाई का?’’

पहिल्या दिवशी आईने काय सांगितलं असेल? ‘‘न्हाई न्हाई, तसं काय न्हाई, थोडीशी भित बसलीया.’’ मी वैतागले. म्हटलं, अगं, लोक कपडे घेऊन निघालेत आणि तू त्यांना अर्ध्या वाटेतून परत पाठवतेस! ती म्हणाली, ‘‘द्या म्हणून कसं म्हणू गं? जीभच रेटत न्हाई.’’ मग ती एवढंच म्हणायला शिकली, ‘‘या, जेवायला या.’’ मदत द्यायला येणाऱ्याला जेवायचं आमंत्रण!

आणि लोक आले. जीपा आल्या, मोटारसायकली आल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या पंधरवड्यात जे आलं त्यानेच आम्ही तरलो. पातेली आली, चादरी आल्या, कुणीतरी नवीकोरी साडी दिली. पण देणाऱ्यांच्या हातातली पिशवी आईने कधी रिकामी परत जाऊ दिली नाही. कणगीत उतरायची आणि प्रत्येकाला आंबेमोहोर द्यायची. ‘‘घ्या, नवा न्हाई, पर वास बघा.’’ लोक हरखून जायचे. एकदा हिंजवडीच्या ऑफिसातली सहा-सात मुलंमुली आली, भाकरी-पिठलं जेवली, तांदूळ घेऊन निघाली. जीपमध्ये बसताना त्यातली एक मुलगी दुसरीला म्हणाली, ‘‘किती गोड माणसं ना, गरीब असूनही.’’

गरीब असूनही! आमची जमीन होती, भात होतं, मामाच्या खोल्या होत्या. एक भिंत काय पडली, आम्ही गरीब झालो. आईने ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. ती पाठमोरी उभी राहून ताटं गोळा करत होती आणि मला वाटलं, धरणीने दुभंगून पोटात घ्यावं.

दिवाळीनंतर भिंत उभी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी मामाच्या मदतीने मागच्या खोल्या पक्क्या केल्या, खाली फरशी घातली. संपलं एकदाचं, असं मी म्हटलं.

कसलं संपतंय! पुढचा पाऊस लागला आणि जांभळावरचा फोन परत वाजायला लागला. तो मेसेज मेला नव्हताच. वर्षभर कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये निजून होता, पावसाच्या बातम्या आल्या तसा जागा झाला आणि निघाला परत. तारीख नसल्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं, कालच पडलंय घर. शिवाय पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या परीने त्यात भर घातलेली. एकात आमचा बैल मेला. पुढच्यात आम्ही सगळे उपाशी. आणि त्याच्या पुढच्यात तर अण्णाच गेले.

हे आम्हाला कळलं कसं, तर अण्णाच जांभळाखाली उभे असताना फोन आला. पलीकडून बाईंचा रडका आवाज, ‘‘वहिनींना द्या हो जरा. त्यांचे मिस्टर दगडाखाली गेले ना, त्यांना दोन शब्द...’’ अण्णा म्हणाले, ‘‘बोला की. मीच तो गेलेला.’’ पलीकडचा फोन धाडकन बंद. थांब्यावरची माणसं पोट धरून हसली, अण्णाही हसले. आईने मात्र ते कळल्यावर देवापुढे दिवा लावला आणि कपाळावरचं कुंकू नीट केलं. मीही हसले होते आधी. तिचं तोंड बघितलं आणि हसू तिथंच विरलं.

त्या वर्षी जे कपडे आले ते तर सांगायला नको. टाय, पार्टीचे झगमगीत फ्रॉक, चेन तुटलेल्या, फाटक्या जीन्स, एक पोहायचा पोशाख. कोट आला तो अण्णांनी बुजगावण्याला घातला. लोकांनी घर आवरलं की उरलेलं मुळशीला. तरी आई येईल त्याला चहा देत होती, जाताना तांदूळ देत होती. मी म्हटलं, ‘‘कणगीचा तळ दिसायला लागलाय, लोकांना सरळ सांग की आता नको.’’ ती म्हणाली, ‘‘सांगते की. पर इतक्या लांबनं आलेल्या मानसाला दारातनं कसं लावायचं?’’ म्हणजे दान घेऊन आम्हीच खंक व्हायला आलो होतो!

नंबर बदलू या म्हटलं तर अण्णा भडकले. ‘‘चोरी केलीया का आपन? नंबर बदलला की लोक म्हनत्याल, घेतलं आन् पळालं.’’

मग मी माझ्यापुरता उपाय काढला. ज्या ज्या नंबरावरून असले फोन येत ते मोबाइलमध्ये नावं घालून ठेवायचे, म्हणजे पुन्हा आला की कळावं आणि उचलू नये. नावं तरी काय एकेक! ‘जीपवाले’, ‘फाटक्या जीन्स’, ‘पोहायचा पोशाख’, ‘रडकी बाई’. आणि त्या मुलीचं ‘गरीब असूनही’. नाव घालताना मला फार बरं वाटायचं. त्यांनी आम्हाला काहीबाही म्हटलं होतं, मीही त्यांना म्हणून घेत होते.

खरी नाचक्की पुढंच होती. तोवर गावात टॉवर आला होता, रेंज चुलीपर्यंत यायची. एका पावसाळी रविवारी गाडीतून एक जोडपं आलं. बाईंनी ओसरीवर पिशव्या ठेवल्या, आत डोकावून पाहिलं, फरशी पाहिली, भिंतीचा रंग पाहिला. ‘‘हे घर पडलंय?’’

आई म्हणाली, ‘‘पडलं व्हतं, ताई. तीन वर्सं झाली. बसा, च्या टाकते.’’

‘‘तीन वर्षं? आणि अजून मागताय?’’

त्यांनी पिशव्या उचलल्या, घराचा मोबाइलवर फोटो काढला आणि निघून गेल्या. आई चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभी. कुणी दारातून चहा न घेता गेलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं असेल.

थोड्याच दिवसांत मामाचा तो भाडेकरू धापा टाकत आला. त्याच्या मोबाइलवर नवा मेसेज आला होता. मुळशीतलं अमुक गावचं कुटुंब फसवं आहे, पक्कं घर असून मदत लुबाडतात, खाली आमचाच नंबर आणि शेवटी ‘पुढे पाठवा’. तो आईच्या पायांपाशी बसला आणि रडायलाच लागला. म्हणाला, ‘‘काकू, भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. मला एक स्वेटर मिळाला होता. कुणी पाठवला ते मला अजून माहीत नाही. ऊब तेवढी आठवते. मला वाटलं, तुम्हालाही तसंच...’’

मला तेव्हा त्याचा राग आला होता, पण नंतर कळलं की तो काय म्हणत होता. त्याला देणाऱ्याचं तोंड दिसलं नव्हतं आणि देणाऱ्याला त्याचं. आमच्या बाबतीत मधे फोन आला. देणारा थेट दारात आला, त्याने आमच्याकडे डोळे भरून बघितलं, आणि मग त्याला हवं ते तो आमच्याबद्दल म्हणाला. आईने त्या पोराला जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘तुजं काय चुकलं न्हाई, बाळा. जेव.’’ स्वतः मात्र ताटावर बसली नाही.

तिथून पुढे आई मोबाइलला हात लावीना. वाजला की अंग चोरायची. गावातले लोकही कुठे सोडतात, ‘‘काय वैनी, औंदा काय आलं मदतीला?’’ गमतीने म्हणायचे, पण ती बाजाराला जाणं टाळायला लागली.

आणि त्याच्या पुढच्या पावसात वरचा ओहोळ फुटला आणि कातकरी वाडीवर आला.

माणसं वाचली, झोपड्या गेल्या. मावशीची लेक नुकती बाळंत झालेली. आईने तिला बाळासकट घरात आणलं, आमच्या त्या पक्क्या खोलीत निजवलं. पण बाकीची वाडी उघड्यावर. पंचनाम्याला माणसं येऊन गेली, पण पाऊस तर आत्ता अंगावर पडत होता. ताडपत्र्या पाहिजे होत्या, पांघरुणं पाहिजे होती, आणि गावात होतं नव्हतं ते देऊन झालं होतं. मावशी ओसरीवर बसून होती. काही मागत नव्हती. नुसती बाळाच्या रडण्याकडे कान देऊन बसलेली.

मी भाडेकरूला फोन केला. तो म्हणाला, मेसेज टाकतो, या वेळी तारीख घालून, आणि नंबर तुमचा नको, मी माझाच देतो. आईने माझ्या हातातून फोन घेतला. ‘‘तुजा नंबर दिऊन काय उपेग? वाडीची वाट तुला ठाव हाय का? येनाऱ्याला वाट सांगाया हितलं मानूस पायजे. आमचाच घाल.’’

मी म्हटलं, ‘‘आई, अगं तो नंबर!’’

‘‘म्हाईत हाय मला.’’

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले, पण मदतीचे नव्हेत. ‘‘परत तुम्हीच का?’’ ‘‘दरवर्षी पडतं वाटतं घर!’’ ‘‘पोलिसात देऊ का?’’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकाला तर मी असं काही सुनावलं, की अण्णांनी फोन काढून घेतला. म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे. जाऊ दे ते.’’

आई उठली. अण्णांच्या हातातून फोन घेतला, पदर खोचला आणि चालायला लागली. घरात चांगली रेंज असताना ती सवयीने जांभळाखाली गेली. मी मागोमाग छत्री घेऊन. थांब्यावर पौडची एसटी लागलेली, खिडक्याखिडक्यांतून ओळखीची तोंडं. तेवढ्यात फोन वाजला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता आणि जवळ उभ्या असलेल्या कंडक्टरलाही.

‘‘तुम्ही त्याच ना? लाज नाही वाटत?’’

‘‘वाटती की,’’ आई म्हणाली. ‘‘लई वाटती, ताई. ह्या फोनापायी धड घास ग्वाड लागला न्हाई मला. पर बाळंतीन हाय, तिची मानसं पावसात बसल्यात. तुमी द्या.’’

फोन बंद झाला. आईने कपाळावरचं पाणी पुसलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘हितं त्यांचे समद्यांचे नंबर हायेत न्हवं? लाव एकेक.’’

मी लावायला लागले. ‘फाटक्या जीन्स’ने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ‘जीपवाले’ ओरडले आणि आईने ते ओरडणं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाली, ‘‘बोलून झालं आसंल तर आता द्या.’’ ‘रडकी बाई’ला आधी अण्णा जिवंत असल्याचं समजवावं लागलं. पुढचं नाव ‘गरीब असूनही’, ते लावताना माझं बोट अडखळलं. पलीकडून मुलीचा आवाज आला, ‘‘अय्या, तांदूळवाल्या काकू! अहो, तुम्ही फसव्या असं कुणीतरी पाठवलं होतं, मी म्हटलं शक्यच नाही, त्यांनी आम्हालाच किलो-किलो तांदूळ दिले. काय हवंय, सांगा.’’

आई सांगायला लागली. सुरुवातीला ती प्रत्येकाला आधी ‘जेवायला या’ म्हणायची, ‘द्या’ त्यानंतर. दुपारपर्यंत तिला मागायची सवय झाली. आवाज ठाम झाला, ‘द्या’ सहज यायला लागलं. तिचं ते सहज मागणं मला ऐकवेना. छत्री धरून मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

संध्याकाळी मारुंजीहून टेम्पो आला. वर ताडपत्र्या, ब्लँकेटं, पुढे भाडेकरू, आणि तीच मुलगी, आता लग्न झालेली, साडीतली. वाडीवर छपरं चढली. निघायच्या वेळी मावशी कुठूनतरी खेकड्यांची टोपली घेऊन आली. तसल्या पावसात, घर नाही दार नाही, आणि ओहोळातून खेकडे धरून आणलेले! ती मुलगी मागे सरकली. ‘‘नको नको, मावशी, तुम्हालाच राहू दे. तुम्हाला गरज आहे.’’

मावशी टोपली धरून तशीच उभी राहिली. तिचं तोंड मला नीट ओळखू आलं, चहाचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आईचं होतं ते.

‘‘घ्या,’’ आई म्हणाली. आवाज असा, की टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. ‘‘सकाळधरनं मी द्या म्हनलं, तुमी दिलं. आता घ्या म्हनते तर घ्या.’’

मुलीने घेतले. भीतभीत का होईना, पिशवीत नांग्या वळवळत असताना दोन्ही हातांनी घेतले.

टेम्पो उतारावरून दिसेनासा झाला. आईने मोबाइल उघडून माझ्यापुढे धरला. तिला वाचता फार येत नव्हतं, पण मला वाटतं दिवसभर मी नंबर शोधताना ती ऐकत होती, मी पुटपुटत काय वाचतेय ते.

‘‘ही नावं न्हवंत,’’ ती म्हणाली. ‘‘समद्यांस्नी फोन लाव आन् खरी नावं इचारून घाल.’’

चार वर्षं ती माणसं आमच्या ओसरीवर जेवून गेली होती, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी विचारलं नव्हतं. मी पहिला नंबर लावला. पलीकडून ‘हॅलो, कोण?’ आलं आणि मी आधी माझं नाव सांगितलं, मग त्यांचं विचारलं.